गणित जुलैवर ठरतं: ठाणे-नवी मुंबईत बॅटरीवरचं सोलर घर कितपत जमतं आणि कसं जमवावं

महावितरणचं कनेक्शन तोडून घर फक्त सोलर आणि बॅटरीवर चालवायचा विचार असेल, तर उत्तर आधीच सांगतो. तांत्रिकदृष्ट्या ते जमतं. पैशाच्या हिशेबात मात्र ठाणे किंवा नवी मुंबईतल्या घराला ते बसत नाही. त्याऐवजी कनेक्शन ठेवायचं, नेट मीटर (घेतलेल्या आणि परत दिलेल्या विजेची वजाबाकी करणारा) घ्यायचा, हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरी आणि महावितरणची लाइन दोन्ही सांभाळणारा) बसवायचा आणि लाइट गेल्यावर घरातलं जे चालायलाच हवं तेवढ्यापुरती छोटी बॅटरी लावायची. हे नीट जमतं आणि टिकतं. येऊरच्या आत, शिळफाट्यापलीकडच्या शेतघरात किंवा वीज पोचतच नाही अशा जागी गोष्ट वेगळी असते, पण तिथेही हिशेब करायची रीत हीच.

आकडे बघू. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. मार्च ते मे महिन्यांत साडेचार-पाचपर्यंत जातं. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी २ ते अडीचवर येतं. पण या सरासरीवर विसंबून चालत नाही. पावसाची झड लागली की तीन-चार दिवस आभाळ उघडत नाही, आणि त्या दिवसांत एका किलोवॅटमागे पाऊण-एक युनिट मिळालं तरी बरं म्हणायचं. ग्रिडशिवाय, म्हणजे महावितरणच्या विजेशिवाय, राहायचं असेल तर सिस्टिम वर्षाच्या सरासरीवर बेतता येत नाही, या झडीच्या दिवसांवर बेतावी लागते.

पहिलं काम: यादी आणि गुणाकार

बिलावरचे महिन्याचे युनिट इथे पुरेसे नाहीत. कागद घ्या आणि लाइट गेल्यावरही चालायलाच हवं तेवढंच लिहा. एका मध्यम रो हाऊसची यादी अशी निघते:

बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ४, प्रत्येकी ३० वॅट, १० तास: १.२ युनिट
एलईडी दिवे ८, प्रत्येकी ९ वॅट, ५ तास: ०.३६
अडीचशे लिटरचा फ्रिज, पूर्ण दिवस: १.२
टीव्ही ७० वॅट, ४ तास: ०.२८
वाय-फाय राउटर १० वॅट, २४ तास: ०.२४
लॅपटॉप ६० वॅट, ६ तास: ०.३६
वॉशिंग मशीन आणि मिक्सर मिळून: ०.३
एक एचपीचा पंप, अर्धा तास: ०.५

बेरीज जवळजवळ साडेचार युनिट होते. इन्व्हर्टर, बॅटरी आणि वायरिंगमध्ये जाणारी घट धरून हा आकडा ०.८ ने भागा. म्हणजे पॅनेलकडून रोज साडेपाच युनिट हवेत. जुने पंखे ७०-७५ वॅट खातात. चार पंखे बदलले तर रोजचं पावणेदोन युनिट वाचतं, आणि तेवढी वीज साठवणाऱ्या बॅटरीपेक्षा ते पंखे स्वस्त पडतात. म्हणून खरेदीची सुरुवात पंख्यांपासून करा.

आता ५५० वॅटची सहा पॅनेल धरू, म्हणजे ३.३ किलोवॅट. झडीच्या दिवशी त्यातून अडीच युनिटांच्या आसपास मिळतं, म्हणजे रोज तीन युनिट कमी पडतात. तीन दिवसांची तूट झाली नऊ. ५१.२ व्होल्ट, १०० एएचचा (अँपिअर-अवर) लिथियम फेरोफॉस्फेट पॅक ५.१२ युनिटचा असतो आणि त्यातले साडेचार वापरता येतात. असे दोन पॅक लावले तर तीन दिवस कसेबसे निघतात. चौथा दिवसही काळोखा गेला तर फ्रिज बंद करावा लागतो किंवा जनरेटर सुरू करावा लागतो. यात रात्री दीड टनी एसी घातला तर रोजची गरज तेराच्या घरात जाते आणि त्याच तीन दिवसांसाठी सात पॅक लागतात.

मुद्दा पुढे आहे. हीच सहा पॅनेल एप्रिलमध्ये रोज पंधरा युनिट देतात आणि तुम्ही साडेपाच वापरता. वर्षभरात साधारण ४,८०० युनिट तयार होतात, लागतात २,०००. ग्रिड नसेल तर उरलेले २,८०० युनिट जातात कुठे? कुठेच नाही, बॅटरी भरली की इन्व्हर्टर पॅनेलकडून वीज घेणंच थांबवतो. नेट मीटर असेल तर हेच युनिट खात्यावर जमा होतात आणि पावसाळ्यात वापरता येतात, फक्त हा हिशेब आर्थिक वर्षापुरता, ३१ मार्चपर्यंतच चालतो हे ध्यानात ठेवा. आपल्या हवामानात महिनोन्महिन्यांची साठवण ग्रिडवर आणि काही तासांची बॅटरीवर सोपवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

बॅटरीचा खरा भाव

बॅटरीचं कोटेशन हातात आलं की किमतीला आयुष्यभरात मिळणाऱ्या युनिटांनी भागा. समजा एक लिथियम पॅक १,००,००० रुपयांना पडतो, साडेचार युनिट देतो आणि ४,००० चक्रं (एकदा भरून रिकामं होणं म्हणजे एक चक्र) टिकतो. म्हणजे १८,००० युनिट, युनिटमागे साडेपाच रुपये. हा खर्च फक्त साठवणीचा, आणि तोही बॅटरी रोज पूर्ण वापरली तर. लाइट जाण्यापुरतीच ठेवली आणि महिन्यातून दोनदाच रिकामी झाली, तर दहा वर्षांत २४० चक्रं होतात, म्हणजे १,०८० युनिट. तेव्हा युनिटमागे नव्वद रुपयांच्या वर जातं. त्यामुळे बॅटरीने बिल वाचतं असं कुणी सांगितलं तर हा भागाकार त्याच्यासमोर मांडा. बॅटरी घ्यायची ती फ्रिजमधली औषधं, घरातलं आजारी माणूस, घरून चालणारं काम किंवा पाण्याचा पंप यांच्यासाठी. ही कारणं खरी आहेत, आणि त्यासाठी पैसे मोजण्यात काही चूक नाही.

ट्युब्युलर बॅटरी अजून खूप घरांत असते, म्हणून तिच्याविषयीही. १२ व्होल्ट, १५० एएचच्या चार बॅटऱ्या एका ओळीत जोडल्या की कागदावर ७.२ युनिट होतात, पण आयुष्य राखायचं तर निम्मेच वापरायचे, म्हणजे ३.६. एकेक बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवली तर मे महिन्यात तिथे चाळिशीच्या वर तापतं. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून हवा खेळती हवी आणि जवळ देवघर किंवा गॅस नको. पाणी डिस्टिल्डच घालायचं, आरओचं चालत नाही. जुन्या तीन बॅटऱ्यांत एक नवी मिसळू नका. जुन्या तिघी नवीलाही वर्षभरात आपल्या पातळीवर आणतात.

लिथियम घेताना फेरोफॉस्फेट रसायनाचीच घ्या आणि इन्व्हर्टर-बॅटरी यांच्यात संवादाची केबल जोडली जाते ना, हे आधी विचारा. या बॅटरीचं व्होल्टेज भरलेली असताना आणि निम्मी असताना जवळजवळ सारखंच दिसतं. केबल नसेल तर इन्व्हर्टर व्होल्टेज बघून टक्केवारीचा अंदाज बांधतो, स्क्रीनवर ६० टक्के दिसत असताना घर अंधारात जातं, आणि दोष बॅटरीवर येतो.

इन्व्हर्टर: इथेच सर्वांत जास्त फसगत होते

तीन प्रकार डोक्यात स्पष्ट ठेवा. साधा ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद होतो, मग बाहेर कडक ऊन का असेना. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे, बिघाड नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज सकाळी गेली, तेव्हा बॅटरी नसलेली ऑनग्रिड सोलर घरंही अंधारात होती, आणि ती तशीच असायची. ऑफग्रिड इन्व्हर्टर बॅटरीवर चालतो, पण जास्तीची वीज महावितरणला परत देत नाही. हायब्रिड दोन्ही कामं करतो. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, "दादा, भर दुपारी मेन स्विच खाली केला तर माझ्या घरात काय काय चालू राहील?" उत्तर नेमकं मिळत नसेल तर तिथे सही करू नका.

वरच्या यादीसाठी ५ किलोवॅटचा हायब्रिड पुरतो. कारण पंप आहे. एक एचपीचा पंप चालताना एक किलोवॅटच घेतो, पण सुरू होताना क्षणभर तीन-चार पट ओढतो. फ्रिज आणि मिक्सर चालू असताना पंपाचं बटण दाबलं आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असला, तर तो ओव्हरलोड दाखवून बंद पडण्याची शक्यता खूप.

गावठाणातल्या घरांत एक चूक वारंवार दिसते. जुना १२ व्होल्टचा इन्व्हर्टर, त्याला स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनेल थेट बॅटरीला जोडून चार्ज करणारा), आणि वर नवं ५५० वॅटचं पॅनेल. या पॅनेलचं काम करतानाचं व्होल्टेज ४१ च्या आसपास असतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते थेट बॅटरीच्या पातळीवर, १३ व्होल्टवर खाली ओढतो. करंट १३ अँपिअर, गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे १७० वॅट. पॅनेलचे पैसे ५५० चे, वीज मिळते १७० ची, आणि तीही कंट्रोलरने ते व्होल्टेज सोसलं तर. नाहीतर पहिल्याच उन्हात तो जळतो. एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचं जास्त व्होल्टेज बॅटरीजोगं बदलून घेणाऱ्या कंट्रोलरशिवाय मोठं पॅनेल लावूच नका.

सहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एका ओळीत, जोडली तर उघड्या टोकांना जवळजवळ ३०० व्होल्ट येतात, डिसेंबरच्या थंड सकाळी त्याहून थोडे जास्त. इन्व्हर्टरची कमाल डीसी मर्यादा त्याहून बऱ्यापैकी वर हवी. हे व्होल्टेज जिवावर बेतणारं आहे. उन्हात पॅनेल बंद करता येत नाही, त्यामुळे चालू असताना पॅनेलच्या केबलचा एमसीफोर कनेक्टर ओढून काढायचा नाही, आधी डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची लाइन तोडणारा स्विच) बंद करायचा.

गच्ची, सावली आणि वारा

५५० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास असतं. मधली वाट धरून एका किलोवॅटला ८० ते १०० चौरस फूट जागा लागते. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. सपाट लावू नका, नाहीतर पावसाचं पाणी खालच्या कडेला साचून धुळीची पट्टी तयार होते.

सावली बघायची ती डिसेंबरात. तेव्हा दुपारीही सूर्य ४७-४८ अंशांवरच असतो आणि सकाळी नऊला त्याच्या निम्म्यावर. पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारचा मजला पॅनेलच्या दक्षिणेला येत असेल तर त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडा. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणी करून 'सावली नाही' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. घोडबंदर रोडला शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर काय उभं राहणार आहे, तेही विचारून घ्या.

मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरायचा, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत ताशी शंभराच्या वर झोत आले होते. गच्ची वापरता यावी म्हणून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर करतात, ते शिडासारखा वारा पकडतं. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच घ्या. नुसता चांदीरंग दिलेला पाइप खाडीच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजायला लागतो. नटबोल्ट स्टेनलेसचे, ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी ३१६ दर्जाचे. गळती थांबवायला गच्चीवर घातलेल्या पत्र्यावर थेट पॅनेल ठोकू नका. ती शेड पाऊस अडवायला बांधलेली असते, वाऱ्याचा उपसा सोसायला नाही. सिमेंटचे पेडेस्टल ओतून त्यात पाय बसवा, म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोक पडत नाही.

वायरिंग: दिसत नाही तेच नीट करून घ्या

४८ व्होल्टवर ५ किलोवॅट म्हणजे शंभर अँपिअरच्या वर. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल तांब्याची, किमान ३५ चौरस मिमी, आणि दोन मीटरपेक्षा लांब नको. लग (केबलच्या टोकाचं धातूचं टोपण) क्रिम्पिंग टूलने दाबलेला हवा, हातोडीने चेचलेला नाही. ढिला लग तापतो, काळा पडतो, मग आवरण वितळतं. बसवल्यावर पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा, मग सगळं बंद करून लगांजवळ हात नेऊन बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर पुन्हा क्रिम्प करून घ्या.

डीसी बाजूला एसीचा एमसीबी वापरला असेल तर तो बदलायला लावा. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे एमसीबी उघडला तरी आत ज्वाळ जळत राहते. बॉक्सला आग लागण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

इसेन्शिअल लोडसाठी, म्हणजे लाइट गेल्यावरही जे चालायला हवं त्यासाठी, वेगळा डीबी (वितरण बोर्ड) करा. इथे नौपाड्यातल्या किंवा वाशीच्या जुन्या सिडको इमारतींत एक अडचण ठरलेली असते: दोन-तीन सर्किटचा न्यूट्रल कुठेतरी एकाच जोडात बांधलेला असतो. बॅकअपच्या फेजचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलशी भिडला की आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) सारखा पडतो आणि वायरमन कंटाळून तो काढूनच टाकतो. तो काढू देऊ नका. एकेक सर्किटचा न्यूट्रल मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) शोधून वेगळा करायला एक दिवस जातो, तो द्या. तीन फेजचं कनेक्शन असेल तर सिंगल फेज हायब्रिड एकच फेज सांभाळतो, तेव्हा पंप, फ्रिज आणि राउटर त्याच फेजवर आणावे लागतात.

अर्थिंग तीन वेगवेगळी: वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा), डीसी आणि एसी. प्रत्येकाचा रोध पाच ओहमच्या आत, आणि तो तुमच्यासमोर मोजून कागदावर लिहून घ्या. येऊर किंवा पारसिकच्या कातळात साधा पाइप ठोकून हा आकडा येत नाही, तिथे केमिकल अर्थिंगच लागतं.

अनुदान आणि कागद

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे कमाल ७८,०००. हे फक्त ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमला मिळतं. कनेक्शन तोडलं की अनुदानही गेलं, आणि बॅटरीसाठी वेगळं काही नाही. पॅनेल देशी सेलचं, म्हणजे डीसीआर हवं. बिलात तसा उल्लेख आहे का ते बघा. आधी राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी, मग नोंदणीकृत विक्रेता, मग बसवणं, नेट मीटर, तपासणी आणि शेवटी बँक खात्याचा तपशील. पैसे आधी भरून मागाहून अर्ज करू नका.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गच्ची एकट्याची नसते. सर्वसाधारण सभेचा ठराव असल्याशिवाय तिथे काही लावता येत नाही, आणि सात मजली इमारतीत अठ्ठावीस घरांना वेगळी पॅनेल लावायला जागाही पुरत नाही. त्यांनी लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीची एकच सिस्टिम करावी. तिला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि बिलातला फरक सगळ्यांच्याच मेंटेनन्समध्ये दिसतो. स्वतःच्या घरात एक लिथियम पॅक आणि त्यावर चालणारा साधा इन्व्हर्टर ठेवला, तोही ग्रिडवर चार्ज होणारा, तरी लाइट जाण्याचा प्रश्न सुटतो.

ऋतूप्रमाणे सेटिंग

बसवून गेल्यावर कुणी सांगत नाही असं एक काम उरतं. ऑक्टोबरात पाऊस सरला की बॅटरी रात्री ३०-४० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, सकाळी सोलर ती भरून काढतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात राखीव पातळी ८० टक्क्यांवर न्या आणि ग्रिडवरून चार्जिंग चालू ठेवा. लाइट जाते ती वादळवाऱ्यात, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी बॅटरी रिकामी असली तर सगळा खर्च वाया.

ऊन चढण्याआधी, सकाळी सातच्या आत पॅनेल धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर रबरी वायपरने लगेच निपटून घ्या, नाहीतर पांढरे डाग धरतात. मेट्रो किंवा बांधकामाच्या धुळीच्या भागात पंधरा दिवसांतून एकदा, इतरत्र महिन्याने. कबुतरांची विष्ठा मात्र दिसली की त्याच दिवशी काढा. एका सेलवरचा डाग त्या सेलला तापवतो आणि पूर्ण पॅनेलचं उत्पादन खाली आणतो. येऊरच्या बाजूला माकडं पॅनेलखालची केबल ओढतात, तिथे ती पाइपातूनच न्या.

पहिला मोठा पाऊस थांबला की सगळं बंद करून गच्चीवरचा डीसी बॉक्स उघडून बघा. आत थेंब असेल तर ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथला सील) सैल आहे किंवा केबल वरून आत घेतली आहे. केबल नेहमी खालून घ्यायची आणि आत शिरण्याआधी तिला एक लोंबता वळसा द्यायचा, म्हणजे पाणी वळशावरूनच खाली गळून जातं.